औषध फुकट होतं, मग मावशींनी ते का सोडलं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "आमच्याकडे नऊ वर्षं घरकामाला येणाऱ्या मावशींना टीबी निघाला. दोन वर्षांपूर्वीही झाला होता, तेव्हा त्यांनी तीन महिन्यांतच गोळ्या बंद केल्या. जंतू गरीब-श्रीमंत बघत नाही, हवा सगळ्यांची एकच, औषध सरकार फुकट देतं. मग हा रोग यांच्यातच एवढा का? आणि फुकटचं औषधसुद्धा पूर्ण का घेत नाहीत? अज्ञान, दुसरं काय? आता त्यांना कामावर ठेवणं सुरक्षित आहे का?"

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर शेवटीच देते. मधलं वाचल्याशिवाय ते पटायचं नाही.

मी छातीच्या विकारांची डॉक्टर. पहिली अकरा वर्षं मराठवाड्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात काढली, नंतरची अठरा मुंबईच्या पूर्व उपनगरांत, बहुतेक टीबीच्याच ओपीडीत. "जंतू गरीब-श्रीमंत बघत नाही" हे वाक्य मी स्वतः शाळाशाळांतून भाषणं ठोकताना वापरलेलं आहे. आता वापरत नाही. वाक्य जंतूपुरतं खरं आहे, पण जंतू छातीत शिरणं आणि टीबी होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

२०१९ ते २०२१ या काळात देशभर टीबीची पाहणी झाली. पंधरा वर्षांवरच्या लोकांपैकी साधारण तिसऱ्या हिश्श्याच्या शरीरात हा जंतू आधीच मुक्कामाला असल्याचं तीत दिसलं. तुमच्या सोसायटीतही तसे लोक असणार, कदाचित तुम्ही त्यातलेच असाल. मीही असेन, इतकी वर्षं खोकणाऱ्यांसमोर बसून नसले तरच नवल. पण जंतू अंगात असलेल्या शंभरातल्या पाच ते दहा जणांनाच आयुष्यात कधीतरी प्रत्यक्ष आजार होतो. बाकीच्यांच्या शरीरात तो कोंडलेला राहतो. तेव्हा "जंतू कोणाला गाठतो" हे फारसं महत्त्वाचं नाही. "कोंडलेला जंतू कोणाच्या अंगात सुटतो" हे महत्त्वाचं. एचआयव्ही, मधुमेह, दारू, तंबाखू ही सगळी कारणं त्यात आहेत. पण आपल्या देशात या सगळ्यांच्या वर एक कारण बसलंय, आणि ते म्हणजे उपास. एकादशीचा नव्हे, रोजचा.

छत्तीसगडमध्ये बिलासपूरजवळ गनियारी नावाचं गाव आहे. तिथल्या जन स्वास्थ्य सहयोगच्या डॉक्टरांनी त्यांच्याकडे आलेल्या सतराशेच्या आसपास टीबी रुग्णांची वजनं २०१३ मध्ये प्रसिद्ध केली. निदानाच्या दिवशी पुरुषांचं मध्यक वजन (म्हणजे निम्मे त्याहून हलके) ४२.१ किलो होतं, बायकांचं ३४.१ किलो. चौतीस किलो! तुमच्या घरातली सहावी-सातवीतली मुलगी वजनकाट्यावर उभी करून बघा. मी ते आकडे पहिल्यांदा वाचले तेव्हा धक्का बसला नाही, कारण माझ्या ओपीडीतला काटाही रोज तेच दाखवत होता. धक्का याचा बसला, की हा आकडा आपण रोज लिहितो आणि तो फक्त गोळ्या मोजायला वापरतो. आमच्या तक्त्यात वजनाचे गट असतात. इतक्या किलोला दोन गोळ्या, तितक्या किलोला तीन. वजन बघायचं, पट्टी उचलायची, पुढचा पेशंट. वजन कमी *का* आहे, हा रकाना कार्डावर नव्हताच.

आता हवेकडे येते. "हवा सगळ्यांची एकच" हे तर मुंबईत राहणाऱ्याने म्हणूच नये.

गोवंडी-मानखुर्दकडे झोपडपट्टी पुनर्वसनात आणि प्रकल्पग्रस्तांसाठी बांधलेल्या सात-आठ मजली इमारती आहेत. लल्लूभाई कंपाऊंड, नटवर पारेख कंपाऊंड ही नावं टीबीच्या कामात असलेल्या प्रत्येकाला पाठ आहेत. घर २२५ चौरस फुटांचं. दोन इमारतींमधलं अंतर जेमतेम तीन मीटर. खिडकीतून हात बाहेर काढला तर समोरच्या घरातला टॉवेल ओढता येईल, असं तिथल्या बायका हसत सांगतात. तळमजल्यावर भर दुपारी बारा वाजता ट्यूबलाइट लागते. खिडक्या बंद, कारण मधल्या बोळात वरच्या मजल्यांवरून कचरा पडतो, वास येतो, उंदीर येतात. आत पाच-सहा माणसं. त्यातल्या एकाला टीबी असेल, तर बाकीचे रात्रभर कोणाच्या वाटणीची हवा घेतात? या दोन वसाहतींची जवळच्याच, जरा मोकळ्या मांडणीच्या पीएमजी कॉलनीशी तुलना करणारा अभ्यास २०१८ मध्ये आला. दाट वसाहतींमध्ये टीबी कितीतरी जास्त, आणि त्यातही खालच्या मजल्यांवर जास्त. आमच्याकडे पत्ता लिहून घेताना मजला विचारायची पद्धत नव्हती. मी त्यानंतर विचारायला लागले.

यातली खरी चीड आणणारी गोष्ट वेगळीच आहे. हे सगळं या शहराला शंभर वर्षांपूर्वी माहीत होतं. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवीत प्लेग आला. तो ओळखणारे डॉक्टर अकासियो व्हिएगस गोव्याचे, हडफड्याचे. प्लेगने शहर रिकामं व्हायची वेळ आली तेव्हा, १८९८ मध्ये, बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला. त्याचे प्रमुख जे. पी. ऑर यांनी प्रकाश आणि हवेसाठी एक नियम लावून धरला, साडेत्रेसष्ट अंशांचा. सोप्या भाषेत सांगायचं तर खोलीपुढची मोकळी जागा समोरच्या भिंतीच्या उंचीच्या निम्मी तरी हवी, म्हणजे तळमजल्याच्या खोलीतही आकाशाचा तुकडा दिसतो. या हिशेबाने एकवीस मीटर उंचीच्या सात मजली इमारतींमध्ये साडेदहा मीटर अंतर पाहिजे. पुनर्वसनाच्या नियमावलीत सवलती देत देत आपण ते तीनवर आणलं. (ट्रस्टचं फार कौतुकही नको. त्यांनी पाडली जास्त आणि बांधली कमी, आणि हुसकलेली माणसं शेजारच्या चाळींतच जाऊन कोंबली गेली.) पण नियम माहीत होता, मोजून ठरवलेला होता. तो सोडला तो झोपडीतून आलेल्या माणसांच्या घरांसाठी. फुकटात घर मिळतंय, वर उजेडही पाहिजे का, असा तो एकंदर सूर.

तर हवा एकच नसते. जुलै २०२० मध्ये मुंबईत तीन वॉर्डांत रक्ततपासणी झाली, तेव्हा झोपडपट्ट्यांतल्या ५७ टक्के लोकांना कोविड होऊन गेलेला दिसला, इमारतींतल्या १६ टक्क्यांना. शहर तेच, महिने तेच.

इथे एक आडवळण घेते, कारण ते घेतल्याशिवाय "फुकट औषध" या शब्दांमागची गोष्ट कळणार नाही.

पूर्वी टीबीचा पेशंट म्हटला की सॅनिटोरियम. आपल्याकडे मिरजेजवळ वानलेसवाडी, पुण्याकडे औंध. दूध, अंडी, विश्रांती, मोकळी हवा. औषध नव्हतंच, तेव्हा एवढंच होतं. स्ट्रेप्टोमायसिन सापडलं १९४३ मध्ये, आणि इंग्लंडातले टीबीचे मृत्यू त्याच्या कितीतरी दशकं आधीपासून कमी होत आले होते. ते नेमके कशाने कमी झाले, पगार की घरं की अन्न की रुग्णांना वेगळं ठेवणं, यावर अजून भांडणं चालतात. पण गोळीने नव्हे, हे नक्की, कारण गोळी नव्हतीच.

मग औषधं आली आणि १९५६ मध्ये मद्रासला एक मोठा प्रयोग सुरू झाला. एका गटाला सॅनिटोरियममध्ये वर्षभर ठेवून औषध दिलं, दुसऱ्याला मद्रासच्या गरीब वस्तीतल्या आपापल्या घरीच. सॅनिटोरियमवाल्यांना चांगलं जेवण, आराम. घरच्यांचं जेवण निकृष्ट, गर्दी, कित्येक जण कामावरही जात. वर्षाअखेरीस दोन्ही गटांचे निकाल जवळपास सारखे निघाले. सॅनिटोरियमवाल्यांची वजनं जास्त वाढली, पण थुंकीतले जंतू दोन्हीकडे सारखेच गेले. घरातल्या इतरांनाही जास्त धोका झाला नाही.

हा प्रयोग उत्तम होता. त्याने लाखो लोक वाचले, हे मी मनापासून म्हणते. देशात सॅनिटोरियमच्या खाटा होत्या किती? या प्रयोगाच्या भरवशावर १९६२ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम उभा राहिला. पण त्यातून दोन धडे घेतले गेले. एक बरोबर: घरी औषध चालतं. दुसरा न सांगता घेतलेला: अन्न नसलं तरी चालतं. प्रयोगाने एवढंच दाखवलं होतं, की नियमित औषध वर्षभर हातात पडलं तर उपाशी माणसाच्या छातीतलेही जंतू मरतात. तो उपाशी माणूस कामाला उभा राहील का, पोटभर अन्न मिळालं तर त्याच्या पोरांचा टीबी टळेल का, आणि मुख्य म्हणजे प्रयोगाची माणसं मागे नसताना तो औषध पूर्ण घेईल का, हे प्रश्न उरलेच. ते पुढची पन्नास वर्षं कोणी फारसे विचारले नाहीत. अन्न महाग, गोळी स्वस्त. सरकारांना सोयीचं उत्तर मिळालं होतं.

मला हे पुस्तकातून कळलं नाही. मराठवाड्यात असताना एक बाई यायची. पस्तिशीची, वजन काट्यावर चौतीसच्या आत-बाहेर. पहिला महिना नियमित आली, खोकला कमी, ताप गेला. सहाव्या आठवड्यात बंद. आमच्या कार्यकर्त्याने दोन फेऱ्या मारून आणली. मी जरा आवाज चढवूनच विचारलं, बरं वाटायला लागलं म्हणून सोडल्यास ना?

"न्हाय म्याडम. ह्या गोळ्यानं भूक लई लागती."

मी म्हटलं, मग चांगलंच की.

"चांगलं कसं? सकाळी सहा भाकरी थापते. दोन ह्यांच्या, तीन पोरांच्या, एक माझी. गोळी सुरू झाल्यापासून मला तीन लागत्यात. पोरांच्यातली खाऊ का?"

रोग हटायला लागला की भूक परत येते. पुस्तकात हे सुधारणेचं लक्षण म्हणून लिहिलेलं आहे. तिच्या घरात ते संकट होतं. शिवाय रिकाम्या पोटी त्या गोळ्या घेतल्या की मळमळ, घशाशी आंबट, दिवसभर अंगात त्राण नाही, आणि दुपारी खुरपणीला जायचंय. मी तेव्हा काय केलं? जंतू पुन्हा उलटेल, औषधाला दाद देणार नाही, सगळं समजावलं. ती ऐकून घेऊन मान हलवत राहिली. कार्डावर मी लिहिलं, "समुपदेशन केले." ती पुढच्या महिन्यात आली नाही. तिला काय माहीत नव्हतं, ते सांगा मला.

त्याच भागातला दुसरा अनुभव पुरुषांचा, तो अन्नाचा नव्हे, वेळेचा. गणपतीच्या सुमारास निदान झालं, औषध सहा महिन्यांचं. दसरा झाला की टोळी ऊसतोडीला निघणार. मुकादमाकडून उचल पावसाळ्यातच घेतलेली, ती घरदुरुस्तीत नाहीतर पोरीच्या लग्नात गेलेली. नवरा-बायको मिळून एक कोयता. एक जण आडवा पडला तर कोयता बंद, आणि एक दिवस गेला की खाडा. खाड्याचे पैसे मजुरी बुडण्याच्या वर कापले जातात. त्या काळी आमचा नियम असा, की आठवड्यातून तीनदा केंद्रावर यायचं आणि कर्मचाऱ्यासमोर गोळी गिळायची. माणूस तीनशे किलोमीटरवर फडात, पहाटे चारला उठून मोळ्या बांधतोय, रात्री पाचटाच्या कोपीत झोपतोय, आणि इकडे त्याच्या नावापुढे आम्ही लाल शाईने लिहितोय: डिफॉल्टर.

त्या शब्दाबद्दल थोडं. टीबीच्या खात्यात माझ्या तरुणपणी दोन शब्द रोजचे होते. खोकला असलेला माणूस तपासणीला आला की तो "सस्पेक्ट". औषध सोडलं की "डिफॉल्टर". एक शब्द पोलीस चौकीतला, दुसरा बँकेच्या वसुली खात्यातला. जागतिक आरोग्य संघटनेने ते २०१३ मध्ये बदलले. कागदावरून गेले, तोंडातून जायला फार वेळ लागला, आणि डोक्यातून गेलेत का, हे तुमच्या प्रश्नातल्या "अज्ञान, दुसरं काय" वरून बघा. मी रागावून नाही म्हणत. मीही तिथेच होते.

ऊसतोडीचा विषय निघालाच आहे तर हेही. खाडा पडू नये म्हणून बीडकडच्या बायकांनी गर्भाशयंच काढून घेतल्याचं २०१९ मध्ये गाजलं. सरकारने नेमलेल्या समितीच्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची ती शस्त्रक्रिया झालेली निघाली. पाळी हा आजार नव्हे, तरी मजुरीच्या हिशेबाने तिचा आजार करून टाकला, आणि त्यावर "उपचार" करणारे आमचेच व्यवसायबंधू होते. पुढे काय बोलायचं!

आता जे बदललंय तेही सांगायला हवं, नाहीतर हे नुसतं रडगाणं होईल. २०१७ पासून एकदिवसाआड गोळ्यांचा प्रकार गेला, रोजचं औषध आलं, आणि महिन्याची पट्टी घरी न्यायला देतात. जनुकीय तपासणीत दोन तासांत जंतूही कळतो आणि रिफाम्पिसिन या टीबीच्या मुख्य औषधाला तो दाद देतो की नाही हेही. त्यातलं ट्रूनॅट हे यंत्र तर गोव्यातल्या कंपनीचं, बॅटरीवर चालणारं, प्राथमिक आरोग्य केंद्राच्या टेबलावर मावणारं. ऊसतोडीला निघालेल्या पेशंटची नोंद आता निक्षय या सरकारच्या टीबी-नोंदणी पोर्टलवरून दुसऱ्या जिल्ह्यात पाठवता येते. होतं असं नेहमीच नाही, पण येते. आणि एप्रिल २०१८ पासून प्रत्येक पेशंटला पोषणासाठी महिन्याला ५०० रुपये, नोव्हेंबर २०२४ पासून १,००० रुपये थेट खात्यात.

हिशेब करून बघा. पाचशे म्हणजे दिवसाला साडेसोळा रुपये: दोन अंडी. हजार म्हणजे तेहेतीस: दोन अंडी आणि पाव लिटर दूध. काहीच नव्हतं त्यापेक्षा खूप बरं. पण माझ्याकडचे कितीतरी पेशंट असे, की खातं गावच्या बँकेत, आधारवर आडनाव माहेरचं, मोबाइल नवऱ्याकडे. पैसे आले तेव्हा औषध संपून दोन महिने झालेले. आणि आले तरी ते एकट्या पेशंटच्या पोटात जात नाहीत. ज्या घरात पोरं आहेत तिथे आईच्या नावाचं अंडं आई खाते, असं तुम्ही कुठे पाहिलंय?

म्हणूनच झारखंडमधला प्रयोग मला मद्रासइतकाच मोठा वाटतो. डॉ. अनुराग भार्गव, डॉ. माधवी भार्गव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ पासून चार जिल्ह्यांत तो केला, निकाल २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. २,८०० पेशंट, त्यांच्या घरातली १०,३४५ माणसं. पेशंटना सगळ्यांनाच महिन्याला दहा किलोचा शिधा. निम्म्या घरांत बाकीच्या माणसांनाही शिधा, माणशी महिन्याला पाच किलो तांदूळ, दीड किलो डाळ आणि जीवनसत्त्वाची गोळी. ज्या घरांत सगळे जेवले, तिथे नवा टीबी ३९ टक्क्यांनी कमी, आणि दुसऱ्याला लागू शकणारा टीबी ४८ टक्क्यांनी कमी. पेशंटांत ज्यांचं वजन पहिल्या दोन महिन्यांत पाच टक्क्यांनी वाढलं, त्यांच्यात मृत्यूचा धोका ६१ टक्क्यांनी कमी. पाच टक्के म्हणजे चाळीस किलोच्या माणसाचे दोन किलो. एखाद्या लशीने एवढं केलं असतं तर विमानतळावर बँड वाजला असता. इथे होतं काय, तर डाळ-तांदूळ. मी तो निबंध वाचला आणि त्या भाकरीवाल्या बाईचं कार्ड डोळ्यांसमोर आलं.

बायकांचं आणखी एक दुखणं असतं, ते थोडक्यात. लग्नाआधी टीबी झाला तर लपवतात, लग्नानंतर झाला तर माहेरी धाडतात. माझ्याकडे एक मुलगी गोळ्या बांगड्यांच्या डब्यात ठेवायची, सासू देवळात गेली की घ्यायची. एकदा लघवी लाल दिसली (रिफाम्पिसिनने होते) आणि सगळं बाहेर आलं. पुरुषांत टीबी जास्त आहे हे खरं. पण बायकांत तो किती दडलाय, हे अशा डब्यांवर अवलंबून.

आणि पैसेवाल्यांना टीबी होत नाही असं अजिबात नाही. मधुमेह असला की धोका दोन-तीन पट, आणि तो तुमच्या-माझ्या वर्गात भरपूर. फक्त त्यांची गोष्ट वेगळी चालते. खोकला आठ दिवस टिकला की एक्स-रे. निदान झालं की स्वतंत्र खोली, आजारपणाची भरपगारी रजा, बायको तासातासाला सूप आणते. शेजाऱ्यांना "छातीत जरा इन्फेक्शन" सांगतात. त्यातलेही गोळ्या सोडतात बरं का, चांगले शिकलेले. त्यांना मी कधी अज्ञानी म्हटलेलं नाही, "बिझी असतात" म्हटलंय. तुम्ही स्वतः शेवटचा अँटिबायोटिकचा पाच दिवसांचा कोर्स पुरा केला होतात का? इथे सहा महिने आहेत.

मघाच्याच राष्ट्रीय पाहणीत लक्षणं असलेल्या शंभरातले ६४ जण कुठेच दाखवायला गेले नव्हते. बहुतेकांनी लक्षणांकडे दुर्लक्ष केलं असं उत्तर दिलं. आम्ही ते "जागृतीचा अभाव" म्हणून लिहितो. मी इतकी वर्षं ऐकतेय त्यावरून सांगते: ज्याचा एक दिवस बुडला तर चूल थंड, त्याच्यासाठी दुर्लक्ष हा रोजच्या हिशेबातला भाग आहे. ओपीडी सकाळी नऊ ते एक. मजुरांचा नाका सकाळी आठला भरतो.

आता तुमच्या मावशी. त्यांना मी पाहिलेलं नाही, पण ओळखते असं वाटतं. मागच्या वेळी गोळ्या तिसऱ्या महिन्यात सुटल्या ना? तेव्हा तुमच्याकडची आणि इतर घरांतली कामं चालू होती का? आजारपणाचे किती दिवस कापले गेले? मळमळतंय म्हणून उशिरा आल्या तर कोणी काही बोललं का? हे त्यांना विचारू नका, त्या "नाही" म्हणतील. स्वतःशीच आठवून बघा.

कामाचं सांगते. त्यांचा टीबी दुसऱ्यांदा आहे, तेव्हा औषधांना दाद न देणारा जंतू असू शकतो. सीबीनॅट किंवा ट्रूनॅट, म्हणजे वर सांगितलेली जनुकीय तपासणी, झालीय का आणि रिफाम्पिसिनचा निकाल काय, हे आधी बघा. कागद त्यांच्याकडच्या पिशवीत असेल. निकाल साधा आला आणि नेमाने औषध सुरू झालं, की साधारण दोन-तीन आठवड्यांत त्यांच्यापासून लागण व्हायची शक्यता अगदी कमी होते. जंतू दाद न देणारा निघाला तर वेळ जास्त लागेल, तो त्यांचे डॉक्टर सांगतील. तोवर घरी राहू द्या, पण पगार देऊन. पगार कापलात तर त्या चौथ्या दिवशी दुसऱ्या कोणाच्या तरी स्वयंपाकघरात खोकत उभ्या असतील, आणि तिथे सांगणारही नाहीत. परत आल्या की पहिले दोन महिने जड काम नको. घरात म्हातारी माणसं, पाच वर्षांखालची मुलं किंवा केमो घेणारं कोणी असेल, तर आपल्या डॉक्टरांना एकदा विचारा. बाकी खिडक्या उघड्या ठेवा. तुमच्या घराला त्या आहेत.

त्यांच्या मुलांचा एक्स-रे झालाय का ते बघा. आजार नसेल तर प्रतिबंधक गोळ्या मिळतात, आठवड्यातून एकदा, बारा आठवडे, त्याही फुकट. आशाताईंना सांगितलं तर त्या नाव घालून घेतील. पोषणाचे ते निक्षयचे पैसे जमा होतात का, रेशनकार्डावर सगळ्यांची नावं आहेत का, एवढं मोबाइलवर बघून देणं तुम्हाला दहा मिनिटांचं काम, त्यांना एक दिवसाची मजुरी. आणि महिन्याचं वाणसामान भरताना तूरडाळ, शेंगदाणे, तेल, अंडी त्यांच्या सगळ्या घराला पुरतील इतकी द्या, एकट्या त्यांच्यापुरती नव्हे. कारण वर सांगितलंच.

त्यांचा चहाचा कप वेगळा केला असाल तर तो परत आत ठेवा. टीबी हवेतून जातो, कप-ताटातून नाही. हां, तो कप टीबी निघायच्या आधीपासूनच वेगळा असेल, तर त्याच्यावर माझ्या ओपीडीत औषध नाही.